इंजिनाची सोय लागली

कोळशाच्या शेवटच्या इंजिनाचा निरोप समारंभ होता. तो माझाही आहे असं समजून मी पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर जाऊन बसलो.

नुसता बसलो नाही. सकाळी दोनदा साबण लावला. लग्नातला पांढरा शर्ट घातला. बायकोला सायकलवर डबलसीट बसवून रुआबांध्याच्या वस्तीतून यार्डापर्यंत आणलं. म्हटलं, गळ्यात हार पडेल तेव्हा पाहायला घरचं कोणी पाहिजे. मान किती वाकवायची, तेही वाटेत ठरवून ठेवलं होतं.

माझं काम राखेच्या खड्ड्यात. इंजिन खड्ड्यावर येऊन उभं राहायचं, पोटातली जळती राख खाली सोडायचं. आम्ही पाणी मारायचो आणि फावड्यानं उपसायचो. वाफ, धूर, खोकला. मग वरून विजेची तार आली आणि कोळसा गेला. पक्के, म्हणजे कायम नोकरीतले ड्रायव्हर-फायरमन नवीन इंजिन शिकायला गेले. त्यांची क्वार्टरं राहिली, दवाखाना राहिला. आम्ही ठेक्याचे. ठेकेदार म्हणाला होता, "ढंग से रहोगे तो नए शेड में झाड़ू पे रखवा दूँगा." त्या एका झाडूवर आमचं सगळं घर टेकलं होतं.

शेडचे साहेब आले. आपलेच मराठी, नागपूरकडचे. गणपतीच्या आरतीला दिसायचे, हसायचे. मी उठून नमस्कार केला. त्यांनी आधी खुर्ची पाहिली, मग मला.

"ऊठ रे. या पाहुण्यांच्या आहेत."

मी तर उभाच होतो. तरी आणखी उठल्यासारखं केलं आणि मागे गेलो.

साहेबांनी भाषण केलं. या इंजिनानं फार सेवा केली. आता ते ऑफिससमोर चौथऱ्यावर राहील. वर छप्पर घालू. दर वर्षी रंग देऊ. एक चौकीदार ठेवू. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. जोरात.

मग फोटो. इंजिनाशेजारी एक मजूर पाहिजे होता. ठेकेदारानं मलाच पुढे ढकललं, हातात फावडं दिलं.

"हा तर वरातीत आल्यासारखा दिसतोय," साहेब म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो.

ठेकेदारानं कोळशाचा खडा उचलून दिला. "मुँह पे मल ले थोड़ा. साहब खुश हो जाएँगे."

मळला. एक गाल. खोटं कशाला सांगू, दुसऱ्यालाही हात लावला होता. झाडू दिसत होता समोर.

"आता शर्ट काढ. बनियनवर बरोबर वाटेल," साहेब म्हणाले.

बनियन फाटलेलं. बायको दोरीपलीकडे उभी. मागे इंजिन, तेल लावून पुसलेलं, झेंडूच्या माळा घातलेलं. आदल्या दिवशी आम्हीच पुसलं होतं. त्याला उजळ करून उभं केलं होतं आणि मला काळा.

तोंडातून निघून गेलं. "साहेब, इंजिनाले छप्पर देऊन राहिले. आमाले काय?"

"अरे, ती सरकारी मालमत्ता आहे. तू ठेकेदाराचा माणूस आहेस."

रागावून नाही म्हणाले. लहान पोराला समजावावं तसं म्हणाले. खरंच समजलं मला. इतकी वर्षं मी त्या इंजिनाला 'आपलं' म्हणत होतो.

"मंग फोटो बी त्याचाच काढा. मी शर्ट नाही काढत."

फावडं आपटायचं होतं. पायावर पडेल म्हणून हळूच खाली ठेवलं.

माझ्या जागी सोमारूला उभं केलं. माझ्याच खड्ड्यातला, छत्तीसगढी माणूस. फोटो पेपरात आला. खाली इंजिनाचा नंबर होता, सोमारूचं नाव नव्हतं. आणि झाडू त्यालाही मिळाला नाही. नवीन शेडला नवीन ठेकेदार, त्याची माणसं वेगळी. पक्क्यांच्या युनियनवाल्यानं दारातूनच सांगितलं, "ठेकावाले हमारे मेंबर नहीं." जामुलच्या सिमेंट कारखान्यात पोती उचलायला गेलो. तिथे माझा खोकला ऐकला आणि परत पाठवलं.

त्या संध्याकाळी बायको तांदूळ निवडत होती. मी सांगितलं, "उद्यापासून नवीन शेडच्या गेटावर बसतो. सोमारू येऊन राहिला, बाकीचे आले तं आले. काम द्या, नाही तं छातीचा इलाज करा. मेहरबानी नको म्हणा. देणार नाहीत, मले माहीत आहे. तरी बसतो. हाकललं तं परवा परत बसतो."

तिनं सुपातून मान वर केली नाही.

"एवढं बोलता येते तुमाले. मंग खड्ड्यात होते तवा कावून मुके होते?"