खंडेनवमीची रायफल

अप्पांनी रायफल निवडायला जितका वेळ लावला, तितका माझ्यासाठी मुलगा बघायलाही लावला नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा मी त्यांना हे तोंडावर म्हटलं होतं. त्यावर ते हसले आणि म्हणाले, "एवढा वेळ लावूनही रायफल चुकलीच ना? म्हणून या वेळी घाई केली." हसताना त्यांचा एकच डोळा बारीक व्हायचा. दुसऱ्याच्या जागी काचेचा होता, तो नुसता बघत राहायचा.

रायफल चुकली नव्हती. हे मला तेव्हाही माहीत होतं, म्हणून तर माझा जीव जळायचा.

आम्ही तंजावरकडचे मराठी. आमचे पूर्वज राजाच्या फौजेतून घोड्यावर बसून इकडे आले, असं आई सांगायची. आणि आल्यापासून आम्ही कचेऱ्यांतून कागद काळे करतोय, असं अप्पा सांगायचे. अप्पा मद्रासमध्ये अड्यारच्या एका कचेरीत मुख्य ड्राफ्ट्समन होते. त्यांनी काढलेली रेघ त्यांच्या साहेबालाही खोडवत नसे. असा शांत, चष्म्याच्या काचा पुसत बोलणारा माणूस शिकारी असेल हे कुणाला खरं वाटायचं नाही. पण वर्षातून एकदा मामाबरोबर, म्हणजे आईच्या भावाबरोबर, ते निलगिरीत जायचे आणि उसन्या बंदुकीनं सांबर मारून यायचे. तेव्हा परवाना काढून शिकार करता यायची. सत्तरच्या आसपासची गोष्ट आहे ही. कायदा त्यानंतर आला.

त्या वर्षी त्यांच्या डोक्यात रानबकरा शिरला. तमिळमध्ये वरैआडू म्हणतात तो. पाठीवर रुपेरी पट्टा आलेला म्हातारा नर कळपापासून वेगळा, कड्याच्या टोकावर उभा राहतो. त्याच्या जवळ जाता येत नाही. समोरच्या कड्यावरून, मधली अख्खी दरी ओलांडून गोळी घालावी लागते. त्यासाठी उसनी बंदूक चालणार नाही, स्वतःची हवी, आणि बोल्टचीच हवी. बोल्टची म्हणजे प्रत्येक गोळीनंतर दांडी उचलून मागे ओढायची, रिकामं काडतूस उडून पडतं, दांडी पुढे ढकलली की नवं बसतं. मंद काम, पण नेमकं. अप्पांना शोभेल असंच.

मग सुरू झालं. माउंट रोडवरच्या बंदुकांच्या दुकानात दर शनिवारी हजेरी. सोबत मामा, आणि मीही, कारण माझं कॉलेज त्याच वाटेवर होतं आणि घरी जायला मला अप्पांचीच सोबत. काय सांगू, त्या दुकानातल्या बाकावर बसून मी वैतागून जायची! मामा म्हणायचा, देशी तीनशे पंधरा बोअरची घ्या, काडतुसं कुठेही मिळतात. अप्पा म्हणायचे, तिची गोळी दरीच्या मध्यावरच खाली झुकायला लागते. कागदावर त्यांनी प्रत्येक गोळीची वाट आखली होती, किती अंतरावर किती उतरते ते. दुकानदारानं जाडजूड इंग्लिश रायफल पुढे केली. ती गव्याला ठीक, बकऱ्याला कशाला, आणि एवढा दणका खांद्याला बसणार म्हटल्यावर माणूस चाप ओढण्याआधीच दचकतो, असं म्हणून तीही परत.

शेवटी एक जुनी जर्मन रायफल आली, कुठल्याशा चहामळ्यातल्या साहेबानं जाताना विकलेली. अप्पांनी डोळे मिटून ती खांद्याला लावली आणि मग डोळे उघडले. नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी आपोआप डोळ्यासमोर आलेली होती, मान इकडची तिकडे करावी लागली नाही. नळीवर एक नाणं ठेवलं आणि रिकामा चाप ओढला. नाणं हललं नाही. नळीतून उजेडाकडे कितीतरी वेळ बघत राहिले. बोल्ट ओढला तर तेल लावलेल्या कडीसारखा बिनआवाज मागे आला. अप्पांनी माझ्याकडे बघितलं. एवढं खूश मी त्यांना पुन्हा कधी बघितलं नाही. मामा मात्र घरी येईपर्यंत कुरकुरत होता की भंगार उचललंत.

नवरात्रात रायफल घरी आली आणि आईला आभाळ ठेंगणं झालं. आमच्याकडे खंडेनवमीला शस्त्रांची पूजा असते. शस्त्रं म्हणजे काय, तर कोयता, अडकित्ता, शिवणाच्या कात्र्या आणि अप्पांची कंपासपेटी! आई दर वर्षी त्यांना गंध लावायची आणि पुटपुटायची की काय दिवस आले. या वर्षी खरं शस्त्र होतं. अप्पांनी आदल्या दिवशी रायफल आतून-बाहेरून पुसून, तेल देऊन, बोल्ट बंद करून तिच्या हवाली केली. नवरात्रात पायऱ्यांवर मांडतात त्या गोलूच्या बाहुल्यांशेजारी, भिंतीला टेकून, तोंड वर करून ती उभी राहिली. मी स्वयंपाकघरात नैवेद्याच्या सुंडलाचे हरभरे परतत होते. बाहेर आले तेव्हा दस्त्यावर गंधाची बोटं उठली होती, बोल्टच्या दांडीला झेंडूची माळ होती आणि आई हात जोडून बसली होती.

पूजेला ठेवलेल्या शस्त्राला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. आणि दसऱ्याला ते उचलायचं ते थेट सीमोल्लंघनाला न्यायचं, पहिला वार होईपर्यंत गंध पुसायचं नाही. ही आमच्या घरची रीत. अप्पा देवाधर्माचे नव्हते, पण आईचा एवढा चेहरा फुलला होता की त्यांनी रीत पाळली. एरवी नळीत साफसफाईचा गज फिरवल्याशिवाय ते काडतुसाला हात लावत नसत. दसऱ्याच्या सकाळी देवापुढून उचललेली रायफल तशीच पिशवीत गेली.

निलगिरीच्या कड्यावर पहिल्याच गोळीला नळी फुटली. उजवा डोळा गेला, डाव्या हाताची दोन बोटं गेली. मामानं पाठीवर घेऊन त्यांना रस्त्यापर्यंत आणलं. रानबकरा म्हणे आवाजानंतरही बराच वेळ तिथेच उभा होता.

मद्रासच्या इस्पितळात आणलं तेव्हा आई बाहेर डॉक्टरांशी बोलत होती. आत मामा अप्पांच्या कानाशी लागून सांगत होता की फुटलेल्या नळीच्या आत गंधाचा जळका थर आहे आणि त्यात अक्षता आहेत. देवासमोर नळीचं तोंड रिकामं कसं ठेवायचं म्हणून आईनं पळीनं गंध ओतलं होतं, वर हळदीच्या अक्षता सोडल्या होत्या. ते उभ्या नळीतून घसरत खाली गेलं आणि मध्येच वाळून बसलं. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. अप्पांचं अर्धं तोंड पट्टीत होतं. ते म्हणाले, "तिला कळता कामा नये. रायफल खराब होती. माझी निवड चुकली. दोघंही हेच सांगाल."

आम्ही हेच सांगितलं. तो माणूस उरलेला जन्म तेच सांगत राहिला. कचेरीत त्यांना ड्रॉइंग बोर्डावरून उठवून आवक-जावक टपालाच्या टेबलावर बसवलं, तिथे विचारणाऱ्यालाही सांगितलं. नातेवाईक यायचे, जर्मन भंगाराच्या गोष्टी काढून हसायचे, अप्पा त्यांच्याबरोबर हसायचे. मला संताप यायचा. आईचाही यायचा, खोटं कशाला बोलू? तिनं काही मुद्दाम केलं नव्हतं, तरी यायचा. पुढच्या खंडेनवमीला तिनं कंपासपेटीवर गंधाचं बोट टेकवलं न टेकवलं, तर अप्पा म्हणाले, भरपूर लाव, यंदा कंजुषी का? ती पेटी त्यांनी अपघातानंतर उघडलीच नव्हती.

नव्वदनंतर कधीतरी अप्पा गेले. तेराव्याला तंजावरचे सगळे जमले होते. पानं वाढली होती. अप्पांचे एक चुलतभाऊ पानावर बसल्या बसल्या म्हणाले की माणूस हुशार होता, पण रायफल निवडताना तेवढा गंडला बिचारा. मामानं मान खाली घातली. आई दाराशी भिंतीला टेकून बसली होती.

"रायफल चांगली होती," ती म्हणाली. "नळीत गंध मी ओतलं होतं. अक्षताही मीच घातल्या."

कुणी घास उचलला नाही. मी तिला धरून आत नेलं. हे तुला कधी कळलं, एवढंच मला विचारता आलं.

"इस्पितळातून त्यांचा शर्ट धुवायला आणला तेव्हाच. खिशापाशी रक्तात एक पिवळा तांदूळ चिकटला होता." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "ते निवड चुकली म्हणायचे ना, तेव्हा माझ्याकडे बघायचे. मला पटलं का ते बघायचे. मी मान हलवायची."