समासातला अंगठा

मामाजी कोणाच्याही लग्नाला गेले की आहेराच्या पाकिटात पेनड्राइव्ह घालायचे. नोट नाही, भांडं नाही, पेनड्राइव्ह. त्यात पुस्तकं भरलेली. पाकिटावर वळणदार अक्षरात लिहिलेलं असायचं, 'वधूवरांस वाचनासाठी'. एकदा राजापेठेतल्या एका लग्नात मुलीकडच्या एका पाहुण्यांनी ते पाकीट मला परत आणून दिलं. वकीलसाहेबांच्या हातून कोर्टाचं काहीतरी चुकून आलंय, असा त्यांचा समज झाला होता. मी घरी येऊन सांगितलं तर मामाजी मुळीच चिडले नाहीत. म्हणाले, "वापस कावून घेतलं वं? आज नाई तं उद्या वाचले असते. पुस्तक का नासते?"

मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्या वऱ्हाडात सासऱ्यांना मामाजीच म्हणतात. त्यांनी जन्मभर अमरावतीच्या कोर्टात दिवाणी वकिली केली आणि निवृत्त झाल्यावर काळा कोट खुंटीला लावून टॅबलेट हातात घेतला. मी अकोल्याहून लग्न होऊन आले तेव्हा या घरात पुस्तकांचं साधं कपाटही नव्हतं, आणि तरी सगळे म्हणायचे की तुझे सासरे फार वाचतात. मग एक दिवस त्यांनी एका लोकरी मोज्यातून काळी हार्ड डिस्क बाहेर काढली. डिस्कला थंडी वाजू नये म्हणून मोजा, असं आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, हसून सांगितलं.

त्या डिस्कमध्ये जे होतं त्याला ग्रंथालय म्हणायला मन धजत नाही. मामाजींनी तीन कप्पे केले होते. न वाचलेली पुस्तकं 'प्रलंबित', वाचून झालेली 'निकाली' आणि पुन्हा वाचायची ती 'अपिलात'. कल्पना झकास होती, पण एकच पुस्तक तिन्हीकडे सापडायचं. फायलींची नावं तर विचारू नका. 'नवीन', 'नवीन खरं', 'हेच घे', 'हेच घे सरळ केलेलं', 'चांदूर बाजारवाल्याचं'. लेखकाचं नाव कुठेच नाही. मग दुपारी हाक यायची, "सूनबाई, ते विहिरीचं पुस्तक कुठी गेलं वं?" आणि ते विहिरीचं पुस्तक 'दात' नावाच्या फायलीत निघायचं, कारण ते ज्यांच्याकडून आणलं ते गृहस्थ दातांचे डॉक्टर होते.

यातली बरीच पुस्तकं इंटरनेटवरून उतरवलेली होती, पण मामाजींचा जीव होता तो घरी फोटो काढून केलेल्या पुस्तकांवर. चांदूर बाजार, मूर्तिजापूर, परतवाडा, जिथे कुठे कोणाच्या माळ्यावर जुनं पुस्तक असल्याचं कळे तिथे ते जायचे, शब्द देऊन पुस्तक आणायचे, घरी प्रत्येक पानाचा फोटो काढायचे आणि दिलेल्या दिवशी परत नेऊन द्यायचे. विषयाचं काही बंधन नव्हतं. स्वतःचं संत्र्याचं एक झाड नाही, पण संत्र्यावरच्या रोगांचं पुस्तक आणलं. मी हसले तर म्हणाले, "कोनाले ना कोनाले लागते."

फोटो काढताना पान मिटतं, म्हणून कोणीतरी ते दाबून धरावं लागतं. ते काम आईंचं. जेवणाच्या टेबलाजवळ खिडकीचा उजेड यायचा. मामाजी टॅबलेट घेऊन उभे, आई खुर्चीवर बसून डाव्या हाताचा अंगठा पानाच्या समासात रोवून धरायच्या आणि मांडीवर तुरीच्या शेंगांचं सूप घेऊन उजव्या हाताने जमेल तशा सोलत राहायच्या. मधेच म्हणायच्या, "वकीलसाहेब, आटपा तुमचं कोर्ट, मले सैपाक आहे." मामाजी म्हणायचे, "हात नको हालवू, साक्षीदार हालला की केस गेली." ती दोघं तशी कधी एकत्र फिरायला गेली नाहीत, सिनेमालाही नाही. त्यांचं एकत्र बसणं म्हणजे हेच होतं.

संत्र्याचं ते पुस्तक अर्धं झालं असताना आई आजारी पडल्या. पोटाचं दुखणं होतं आणि कळलं तेव्हा उशीर झाला होता. त्या गेल्यावर दिवस उरकले, पाहुणे गेले, आणि मामाजींनी त्या टेबलाशी एकट्याने उभं राहून पुस्तक पुरं केलं. मी मदतीला गेले तर म्हणाले, "राहू दे, जमते मले." मग चांदूर बाजारला जाऊन पुस्तक ज्याचं त्याला दिलं. त्यानंतर त्यांनी कोणाकडूनही पुस्तक आणलं नाही.

काही काळाने ते चालताना दाराच्या चौकटीला धडकू लागले. तपासलं तर काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही आणि राहिलेलीचाही भरवसा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मामाजी बाहेर येऊन मला म्हणाले, "म्हणजे निकाल लागला. नक्कल मिळाची राहिली फक्त." रिक्षात मात्र त्यांनी घर येईपर्यंत माझा हात सोडला नाही. अंधाराची त्यांना भीती नव्हती. वाचायचं कसं, ही भीती होती.

त्यावर तोड माझ्या नवऱ्याने, अविनाशने, काढली. तो घरून कंपनीचं काम करतो, कॉम्प्युटरमध्ये तरबेज आहे. त्याने टॅबलेटवर पुस्तक वाचून दाखवणारं एक ॲप टाकलं. एक बाई पंचांग सांगितल्यासारखं सपाट आवाजात वाचायची, पण वाचायची. इंटरनेटवरून उतरवलेली पुस्तकं तिने घडाघडा वाचली. घरच्या पुस्तकांपाशी मात्र तिची बोलती बंद झाली. तिच्या लेखी ती नुसती चित्रं होती. पानं सरळ करून त्यातली अक्षरं मशीनकडून ओळखून घ्यायला हवी होती. मामाजींनी खुर्चीतूनच हुकूम सोडला, "समदं साफ करा. लेखक, नाव, विषय. अन् एका पुस्तकाची एकच प्रत ठेवजा. चार ठेवसान तं मी आंधळा मानूस कोनती उघडू?"

मग आमच्याकडे ती साफसफाई सुरू झाली. रोज जेवणं झाली की आम्ही तिघं टेबलाशी बसायचो. ज्यांनी हुकूम दिला तेच आडवे यायचे. एखाद्या पुस्तकाची इंटरनेटवरची स्वच्छ प्रत मिळाली तरी आपली वाकडीतिकडी, अंधारी प्रत ते टाकू द्यायचे नाहीत. टॅबलेट नाकाशी धरून, दोन बोटांनी पान मोठं करून त्याच्या कडेला बघत बसायचे. मला वाटायचं पानाचा आकडा शोधताहेत. "हे राहू दे," म्हणायचे. "बाबा, तुमीच म्हटलं ना एकच प्रत," अविनाश कावायचा. "राहू दे म्हटलं ना एकदा." कारण काही सांगायचे नाहीत. आणि इकडे नजर तर रोज थोडी थोडी चाललेली.

मधे त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं. मी त्यांना घेऊन नागपूरला नणंदेकडे राहिले. मागे अविनाशने मान मोडून काम केलं. आम्ही परत आलो त्या दिवशी तो दारातच उभा होता, शाळेतून बक्षीस आणलेल्या पोरासारखा. सगळं ग्रंथालय लागलं होतं. लेखकांची नावं, विषय, एका पुस्तकाची एक प्रत. 'हेच घे' नावाचं काही उरलं नव्हतं. तोंडाने नाव घेतलं की पुस्तक उघडायचं आणि ती बाई वाचू लागायची. मामाजींनी घरच्याच एका पुस्तकाचं आख्खं प्रकरण डोळे मिटून ऐकलं. त्यांचा चेहरा इतका हलका झालेला मी आईंच्या मागे पाहिला नव्हता.

प्रकरण संपल्यावर म्हणाले, "आता पान दाखव." डाव्या डोळ्याच्या एका कोपऱ्यातून त्यांना अजून थोडं दिसायचं. त्यांनी मान तिरपी करून पान पाहिलं, पुढचं पाहिलं, त्याच्या पुढचं पाहिलं. पांढरेशुभ्र समास.

"बोट कुठी गेलं?"

"बोटं काढली, बाबा," अविनाश खुशीत म्हणाला. "ते आपोआप पुसल्या जाते. समद्या पुस्तकांत लय बोटं होते मधात."

"मंग जुन्या प्रती?"

"काढल्या ना. तुमीच म्हटलं होतं."

मामाजींनी टॅबलेट टेबलावर पालथा ठेवला. "कोनाचं बोट होतं ते पायलं का?"

अविनाशला कळायला एक क्षण लागला. त्या क्षणात त्याचा चेहरा कसा झाला ते मी कधी विसरणार नाही. "आईचं," तो म्हणाला. "मी पायलंच नाही, बाबा. मशीननं केलं समदं. मी उघडूनच नाही पायलं."

तो ती डिस्क घेऊन दुरुस्तीच्या सगळ्या दुकानांत फिरला, कंपनीतल्या मित्रांच्या पाया पडला. पुसलेल्या जागेवर नवीन फायली बसल्या होत्या, काही हाती लागलं नाही. बापलेकांत औषधाच्या वेळेपुरतं बोलणं उरलं. आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप केला ते मामाजी पुस्तक ऐकेनासे झाले. मी लावून दिलं तर म्हणायचे, "वाचू दे तिले." ती बाई वाचत राहायची आणि हे खिडकीकडे तोंड करून बसायचे. मला त्या आवाजाचा संताप येऊ लागला.

दिवाळीनंतर मी माहेरी अकोल्याला गेले होते. माझ्या भावाचं लग्न सासूबाई गेल्यानंतर लगेचच्या हंगामात झालं होतं, आणि दुःखाच्या घरातून येऊनही मामाजींनी आहेराचं पाकीट चुकवलं नव्हतं. मला ते साफ विसरायला झालं होतं. भावजय लग्नाचे फोटो टीव्हीवर दाखवायला लागली, तर टीव्हीला लावलेला पेनड्राइव्ह ओळखीचा वाटला.

"हा मामाजींचा का गं?"

"हाव ताई. रागावू नका, फोटोले जागा पायजे होती म्हणून पुस्तकं काढले त्यातले. जागा पुरली, म्हणून एक राह्यलं."

फोटोंच्या खाली ते एक होतं. 'हेच घे संत्रा'. मी उघडलं. वाकडं, पिवळट, अंधारं पान, आणि डाव्या समासात हळदीने माखलेला अंगठा. मी भावजयीसमोर ढसाढसा रडले. ती बिचारी घाबरून पेनड्राइव्हवरचे फोटो पुसून टाकते म्हणाली.

परतताना अमरावतीसाठी बडनेऱ्याला उतरेपर्यंत मी पर्समधला पेनड्राइव्ह चाचपत होते. घरी येऊन मामाजींच्या शेजारी बसले आणि मग माझ्या लक्षात आलं की आता त्यांना दिसत नाही. तो उरलेला कोपराही तोवर मिटला होता.

"मामाजी, संत्र्याचं पुस्तक मिळालं. आईंचा अंगठा आहे त्यात."

मामाजींनी तोंड माझ्याकडे वळवलं. मग खुर्चीत सरळ बसले आणि आवाज कोर्टातला झाला. "माहं मन राखाले बोलून राहिली का? सासूचा अंगठा तुले तोंडपाठ आहे. मले खरं पायजे. एका पानावर तिचा हात हाललेला आहे. पान सांग."

मी एकेक पान उलटू लागले. अंगठा, अंगठा, नखाशी हळद, पुढे पीठ. आणि डिंक्या रोगाच्या पानावर एक फराटा होता, बांगड्यांसकट पुसट झालेला हात. पानाचा आकडा मी सांगितला.

"हाव," मामाजी म्हणाले. "दूध उतू गेलं होतं." आणि त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. "आता पहिल्यापासून सांग."

मग दुपारचा तो नेम झाला. संत्र्याच्या रोगांचं त्यांना घेणंदेणं नव्हतं. मी फक्त समास सांगायची. अंगठा कुठे आहे, सरळ की तिरपा, नखाला काय लागलंय, पानावर शेंगेचं टरफल पडलंय का. पहिल्या दिवशी पुस्तकाच्या मध्यावर येऊन माझं बोलणं थांबलं. पुढच्या पानावर अंगठा नव्हता. पान मिटू नये म्हणून तिथे मामाजींचं चष्म्याचं घर ठेवलेलं होतं, आणि तिथून शेवटपर्यंत तेच.

"चष्म्याचं घर लागलं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तिथून समोर नको जाऊ. मांगं फिर."

रोज आम्ही तिथपर्यंत जायचो आणि मागे फिरायचो. थंडी उतरता उतरता मामाजी खाटेवर पडले. आवाज अगदी बारीक झाला. एका दुपारी मी टॅबलेट घेऊन बसले तर म्हणाले, "आज तू नको. अविनाशले बोलाव. त्यानं तं पायलंच नाई."

अविनाश आला. खाली बसला. मी टॅबलेट त्याच्या हातात दिला, चष्म्याच्या घराचं मात्र सांगायचं राहून गेलं. तो सांगू लागला, "आईचा अंगठा आहे, बाबा. डाव्या अंगाले," आणि पुढे त्याला बोलवेना. मामाजींनी चाचपत त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. मग तो एकेक पान सांगत गेला. दुधाचं पान आलं तेव्हा दोघंही हसले. आणि मग ते पान आलं. अविनाशने पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

त्याने गुपचूप बोटाने पानं मागे सरकवली.

"बाबा," तो म्हणाला, "पान पहिलं. आईचा अंगठा आहे. डाव्या अंगाले."