जनूशेठ आणि चिमूटभर हळद

तापलेली गाडी घेऊन कुणी आलं, की जनूशेठ आधी गाडीकडे बघतच नसत. मालकाला समोर उभं करून विचारत, "कोनी काय केलाय ता सांग." उत्तर खरं वाटलं तरच बॉनेट उघडत, नाहीतर पान्हा खाली ठेवून चहा मागवत. "गारी खोटा बोलत न्हाय, मानूस बोलतो," असं त्यांचं म्हणणं होतं.

घराणं मिठागरवाल्यांचं. मिठागरं गेली, तिथे टॉवर आले. काशीगावचं गॅरेज शेठ हौसेनं चालवत आणि माणसांचा पाणउताराही तितक्याच हौसेनं करत. मला मात्र "पोरी" म्हणून पंख्याखाली खुर्ची देत. मला ते आवडायचे, हे आधीच सांगून टाकते.

माझा नवरा सुरेश पूनम सागर वसाहतीतल्या मुलांना शाळेत पोचवायची व्हॅन चालवायचा. मूळचा रत्नागिरीकडचा, मितभाषी, अब्रूला जपणारा. आया त्याच्या भरवशावर मुलं सोडायच्या आणि त्याला त्याचा फार अभिमान होता. एका शनिवारी मुलांना सोडून येताना व्हॅन उकळली. मीही सोबत होते; थांबत थांबत आम्ही ती काशीगावला शेठकडे नेली.

सुरेशने सांगितलं, फक्त पाणी घातलं होतं. शेठनी रेडिएटरचे दोन्ही पाइप चाचपले. वरचा चटका देत होता, खालचा गार होता. म्हणजे पाणी मधेच अडत होतं. गाडी निवल्यावर त्यांनी झाकण काढून आत बोट फिरवलं, तर बोटाला पिवळा चिखल लागला. रेडिएटर गळायला लागला की त्यात हळद टाकायची, हा जुन्या ड्रायव्हरांचा इलाज. गळती थांबते, पण हळद साचून आतल्या बारीक नळ्याही बुजतात.

रिक्षावाले जमले होते. शेठनी ते बोट सुरेशच्या ओठांपुढे धरलं.

"चाख."

मला वाटलं चेष्टा असेल. पण शेठ हात खाली घेईनात. सोमवारी मुलं न्यायची होती आणि तेवढ्या वेळात गाडी दुसरं कुणी दुरुस्त करून देणार नव्हतं. सुरेशने माझ्याकडे न बघता ते बोट चाटलं.

"मीठ कमी परला काय?" शेठ म्हणाले, आणि सगळे हसले.

रविवारभर बसून शेठनी स्वतः रेडिएटर साफ केला. सोमवारी व्हॅन वेळेवर निघाली. पण रिक्षास्टँडवर सुरेशचं नाव 'हळद्या' पडलं होतं. पुढे ते शाळेच्या फाटकापर्यंत पोचलं, मग मागच्या सीटवरची मुलंही तसंच म्हणू लागली. त्याने व्हॅन विकली आणि एका गोदामात नोकरी धरली.

गेल्या वर्षी शेठना अर्धांगवायूचा झटका आला. मी भेटायला निघाले तेव्हा सुरेश म्हणाला, मीही येतो. मला बरं वाटलं.

सून वरणभात भरवत होती आणि शेठ तोंड फिरवत होते. सुरेशने तिच्या हातातली वाटी घेतली, चमचा शेठच्या ओठांपुढे धरला.

"चाखा."

शेठनी त्याला ओळखलं. वाचा गेली होती, नजर शाबूत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

"मीठ कमी परला काय?" सुरेशने हळूच विचारलं, अगदी त्यांच्याच सुरात.

वाटी संपेपर्यंत दर घासाला तो हेच विचारत राहिला. शेठच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. सुनेने पदराने त्यांचे गाल टिपले.

"भाऊ किती मायेनी भरवतान," ती मला म्हणाली. "रोज आले तं बरा व्हईल."

शेठ जाईपर्यंत सुरेश रोज गेला.