कडप्प्यावरच्या चिंचा

संध्याकाळी जेवायला बसायच्या आधी माझे वडील गॅलरीत जाऊन चिंचा झोपल्या का ते बघतात. अंधारून आलं की चिंचेची पानं मिटतात. सगळी मिटली की आबा आत येऊन खुर्चीवर बसतात आणि म्हणतात, "झोपल्या. वाढ आता." आई गेल्यावर ते आमच्याकडे वसईजवळ आचोळ्याला राहायला आले आणि काही दिवसांत हा नेम सुरू झाला. आमटी गार होते, पण सांगणार कोण.

या चिंचा कुंडीतल्या. त्यांची आई आमच्या साताऱ्याकडच्या शेताच्या बांधावर होती, आजोबांनी लावलेली. रस्ता रुंद झाला त्यात ती गेली. बुंधासुद्धा उकरून काढला, आता तिथे डांबर आहे. त्या शेवटच्या वर्षीच्या चिंचा आबांनी पिशवी भरून इकडे आणल्या होत्या. मी कोळ काढून चिंचोके केरात टाकत होते, तेवढ्यात त्यांनी ते माझ्या हातातून घेतले, धुतले आणि रंगाच्या रिकाम्या डब्यांत पेरले. सात रोपं जगली. फ्लॅटमध्ये सात चिंचांचं करायचं काय, हे मात्र कोणालाच माहीत नव्हतं. सोसायटीच्या कंपाउंडला लावू म्हटलं तर चेअरमनना मुळं टाकीत जातील याची भीती. मग चिंचा डब्यांतच राहिल्या, काही वर्षं.

शाळेतून रिटायर झाल्यावर मला बोन्सायचं खूळ लागलं. शिकवायला घरात कोणी नाही, तेव्हा मोबाइलवरचे व्हिडिओ हेच गुरू. एक जपानी आजोबा, जे तासभर एक शब्द बोलत नाहीत. एक हिंदीत बोलणारा दाढीवाला, जो पहिली पाच मिनिटं फक्त नमस्कार करतो. आबा शेजारी बसून नाकं मुरडायचे. "झाडाला उपाशी ठिवून बुटकं करायचं, आन् ह्येला शिकणं म्हणायचं?" मी म्हणायचे, तुम्ही तुमचा पेपर वाचा. ते पेपर तोंडासमोर धरायचे आणि त्याच्यावरून बघायचे.

मग एके दिवशी दाढीवाल्याने जंगल लावलं. म्हणजे एकाच सपाट दगडावर बरीच छोटी झाडं, लहानमोठी, वाकडीतिकडी, जवळजवळ, की लांबून बघताना रानच वाटावं. झाडांची संख्या विषम हवी, सगळ्यांत उंच झाड मध्यापासून जरा बाजूला, बाकीची त्याच्या आसऱ्याने. मी गॅलरीतल्या सात डब्यांकडे बघितलं. आबांनीही बघितलं.

वरच्या मजल्यावर ओटा फोडायचं काम चालू होतं. तिथला कडप्प्याचा एक लांबट तुकडा मी मागून आणला आणि मिस्त्रीकडून त्याला भोकं पाडून घेतली, झाडं तारेने बांधायला. विटांचा चुरा रव्याच्या चाळणीने चाळला. माझा नवरा म्हणाला, आता रवा कशाने चाळणार? त्याला म्हटलं, तू नवीन चाळण आण. मुळांत माती सारायला ते लोक चॉपस्टिक वापरतात, मी विणायची सुई घेतली.

एकच गोष्ट अडली. सपाट दगडाला कड नसते, पाणी घातलं की माती वाहून जाणार. म्हणून दाढीवाला म्हणत होता, आधी कडेकडेने चिकट, काळ्या, दलदलीतल्या मातीचा बांध घाला. बांध हा शब्द ऐकला आणि आबांनी पेपर खाली ठेवला. "आगं, मग हे माझं काम की," म्हणाले. इतक्या वर्षांत आमच्या घरात त्यांच्यासाठी काही काम निघालं नव्हतं. आम्ही त्यांना बसा म्हणायचो आणि ते बसायचे.

माती मिळाली ती अर्नाळ्याहून येताना. सुकट आणायला आम्ही दोघं गेलो होतो. परतताना खाडीच्या कडेला रिक्षावाला फोनवर बोलायला थांबला, तर आबा खाली उतरून सरळ काठापर्यंत गेले. ओहोटी होती. काळाभोर चिखल चकचकत होता. त्यांनी गोळा उचलला, तळव्यावर वळला, त्याची वात केली. ती तुटली नाही. "लोण्यावाणी हाय बघ. आन् हितली माणसं हिला अशीच पडू देत्यात?" देशावरच्या माणसाला काळी माती दिसली की पुढचं काही दिसत नाही. मलाही दिसलं नाही, मी त्यांचीच मुलगी. रिक्षावाला एवढंच म्हणाला, "काका, खाडीचा चिखल आहे तो, वास मारेल गाडीत." घरी वास आला तोही आम्ही सुकटीच्या नावावर खपवला.

लावायच्या दिवशी आबा सकाळीच आंघोळ करून तयार. मी मुळं कापली, तारेने झाडं बांधली. उंच चिंच कुठे बसवायची यावर आमचं चांगलंच वाजलं आणि शेवटी ती त्यांनी म्हटलं तिथेच बसली. मग त्यांनी बांध घातला. अंगठ्याने दाबत, पाणी लावून गुळगुळीत करत, एका बाजूला पाणी निघून जायला वाट ठेवून. मी तसा बांध एकाही व्हिडिओत बघितलेला नाही. नवऱ्याने फोटो काढला. आबांनी तो मला चारदा मोठा करून दाखवायला लावला.

त्या संध्याकाळी पानं मिटली. सकाळी उघडली नाहीत.

मुळं कापली की झाड रुसतं, असं दाढीवाला म्हणाला होता, म्हणून मी धीर धरला. मग पानांची टोकं करपली. मग पानं गळायला लागली. मी रात्रंदिवस व्हिडिओ बघत होते. पाणी जास्त झालं, पाणी कमी झालं, ऊन लागलं, बुरशी आली, जेवढे मास्तर तेवढी निदानं. तिकडे कुठल्यातरी थंड गावात बसून ते मला वसईतलं ऊन शिकवत होते. मी फोन सोफ्यावर आपटला.

बांध वाळून त्यावर पांढरी पुटं आली होती. मला ती बुरशी वाटली. आबा वाकले, बोटाने थोडं खरवडलं आणि जिभेवर ठेवलं. 

"मीठ हाय," ते म्हणाले.

खाडीचा चिखल, भरतीच्या पाण्यात भिजलेला, त्यात मीठच असणार. इतकी वर्षं वसईत राहून, मिठागरं बघून, आम्हाला ते सुचलं नाही. मी म्हटलं, "आबा, चिकट काळी माती म्हणून मीच डोकं खाल्लं होतं तुमचं." ते उठले. हात धुवून खोलीत गेले. त्या दिवसापासून गॅलरीत जाणं बंद. जेवायला हाक मारली की यायचे, वाढलेलं खायचे. मला झाडांपेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटत होतं. जन्मभर मातीत गेलेला माणूस, आणि आपल्या बापाच्या चिंचेची उरलेली रोपं त्याच्याच हाताने मिठात गेली.

मी बांध फोडला. नळाला पाणी एक दिवसाआड येतं, तरी बादल्यांवर बादल्या ओतून मुळं धुतली.  झाडं पुन्हा जुन्या डब्यांत, नुसत्या विटांच्या चुऱ्यात लावली आणि सावलीत ठेवली. दोन वाळून मोडली. मी मोबाइलला हात लावला नाही. बऱ्याच दिवसांनी एका काटकीवर हिरवा ठिपका दिसला, मग दुसरीवर. एकूण चार जगल्या. सगळ्यांत उंच, आबांनी जागा ठरवून बसवलेली, ती गेली.

पावसाळा संपल्यावर मी कडप्पा पुन्हा काढला. या वेळी बांधासाठी वसईच्या होळी भागातल्या एका वाडीतली माती आणली होती. आबांना म्हटलं, चला, बांध घालायचाय. ते नाही म्हणाले. मग थोड्या वेळाने आले, मातीचा खडा जिभेवर ठेवला, थुंकले आणि खाली बसले.

"किती हायत?"

"चार."

"चार कसं चालतील? तुझा मास्तर काय म्हणतोय?"

"तीनच लावू मग. एक वेगळी ठेवू."

ते कोपऱ्यातल्या डब्याकडे बघत होते. उंच चिंच त्यात तशीच उभी होती, वाळलेली. मला ती टाकवली नव्हती.

"ती घे मधी," आबा म्हणाले.

"आबा, ती वाळलीय."

"म्हाईत हाय." ते माती मळत राहिले. "आपली बांधावरची वाळून उभी ऱ्हायली असती ना, तरी मला चाललं असतं. हाय तिथं दिसली असती."

मी वाळकी चिंच त्यांनी पहिल्यांदा ठरवलेल्या जागेवर तारेने घट्ट बांधली आणि चार जिवंत तिच्या भोवती लावल्या. आबांनी बांध घातला. संध्याकाळी मी आमटी गॅसवरून उतरवली, पण हाक मारली नाही. ते गॅलरीत होते. अंधार पडला तसे ते आत आले आणि खुर्ची ओढून बसले.

"झोपल्या," म्हणाले. "वाढ आता."