रिकाम्या खाटांचं श्रेय

आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना सगळे मोठ्या बाई म्हणत. उंचीने त्या चारचौघींच्या खांद्याला लागत, पण आवाज असा की गल्लीपलीकडचं पोर सुई दिसण्याआधीच भोकाड पसरी. केंद्र दोन खोल्यांचं. एकीत लसींचा फ्रिज आणि तपासणीचं टेबल, दुसरीत बाकं. हाताखाली एक मदतनीस होती, आक्का. ती घरोघर फिरून लस चुकलेली मुलं हुडकून आणी आणि बाई टोचत.

एका वर्षी वरून खर्चाला कात्री लागली आणि आक्काची जागा गेली. ती इस्तरीच्या दुकानात कामाला लागली. फरक लगेच कुणाच्या डोळ्यांत भरला नाही. ज्या आया आपणहून येत, त्यांच्या मुलांना लस मिळे. बाकीची राहून जात. केंद्र सोडून बाईंना हलता येत नव्हतं.

दोनेक वर्षांत वीटभट्टीकडच्या वस्तीत गोवर शिरला आणि हां हां म्हणता पसरला. बाईंच्या शेजारच्या शिंप्याची नात त्यात गेली. तेव्हापासून शिंपी बाईंचं शिवण घेईनासा झाला.

मग मात्र पैसा आला. शहरातल्या इस्पितळात लहान मुलांचा नवा वॉर्ड उभा राहिला. गुळगुळीत फरशी, भिंतीवर ससे, ओळीने खाटा. बाईंनी आरोग्य अधिकाऱ्यांना गाठून आक्काची जागा परत मागितली. निधी इमारतीचा आहे, पगाराचा नाही, असं उत्तर मिळालं.

नवऱ्याने समजावलं, निवृत्तीच्या तोंडावर कशाला विकतचं दुखणं घेतेस. बाईंनी ऐकून घेतलं आणि दुपारी केंद्राला कुलूप ठोकून, लसींचा डबा खांद्याला अडकवून वस्तीत जाऊ लागल्या. बंद दार बघून दुपारी येणारे चिडले. तक्रार वर गेली. बाईंकडे खुलासा मागितला, तेव्हा कुलूप मीच लावते, एवढंच त्यांनी कळवलं.

पुढच्या हंगामात गोवर फिरकला नाही. वॉर्डातल्या खाटा रिकाम्या राहिल्या आणि वरिष्ठांनी वॉर्डाचं कौतुक केलं. अधिकारी तसे वाईट नव्हते. खाटेवर पडून गोवर टळत नाही, हे त्यांना कळत होतं. एके दिवशी ते स्वतः केंद्रात येऊन बाकावर बसले.

"बाई, वॉर्डाच्या नावावर एक फिरती मदतनीस मंजूर करून घेता येईल. पण गोवर वॉर्डामुळे हटला, असंच वर सांगावं लागेल. चालेल?"

बाईंना शेजारच्या शिंप्याचं घर आठवलं. मग त्या म्हणाल्या, "सांगा साहेब. नाव कुणाचंही होऊ दे, मला मदतीला बाई पाठवा."

"आणि तुमच्यावरची तक्रार?"

"ती खरीच आहे. राहू दे."

ठपका राहिला, मदतनीस आली. बाईंनी आधी आक्कालाच विचारलं होतं, पण तिने हात जोडले. दुकानात पगार वेळेवर मिळतो, म्हणाली. आली ती नवी मुलगी चटपटीत होती, पण कुत्र्यांना भलतीच भ्यायची. भट्टीकडे तर कुत्र्यांचंच राज्य. मग सुरुवातीचे काही दिवस केंद्राला पुन्हा कुलूप लागलं. बाई छत्री उगारून पुढे आणि मुलगी डबा घेऊन त्यांच्या पाठीला चिकटून मागे, अशा दोघी दारं ठोठावत फिरल्या.