जीपच्या पाठीवरचे फावडे

नव्वदच्या दशकात माझ्या धाकट्या भावाने एक जुनी जीप घेतली. तो धारवाडजवळच्या बेलूरच्या एका कारखान्यात नोकरीला होता. मी धारवाडच्या पाठशाळेत संस्कृत शिकवीत असे. घर मात्र दोघांचे एकच. त्या जीपचा खरा उपयोग झाला तो देवाच्या सेवेला. कलघटगीच्या पुढे सडक सोडून गाडीवाटेने आत गेले, की शेताच्या कडेला आमच्या महादेवाचे लहानसे देऊळ आहे. श्रावणातल्या एका सोमवारी तेथे पुरणाचा नैवेद्य न्यायचा, ही घराची रीत. माझी पत्नी तो पहाटे सोवळ्यात रांधी आणि लोकरीची धाबळी नेसून, पितळी डबा मांडीवर घेऊन, स्वतःच्या हाताने देवापुढे ठेवी.

जीप आली त्याच वर्षी काळ्या मातीत चाके रुतली. भावाजवळ फावडे, दोन फळ्या, जॅक, जाड दोर असे सगळे साहित्य होते. त्यामुळे गाडी निघाली. पण चिखलाने माखलेले ते साहित्य पुन्हा आतच टाकावे लागले. पुढच्या खड्ड्यात फावडे उसळले, डब्याचे झाकण उडाले आणि चिखल पोळ्यांवर आला. पत्नीने त्या पोळ्या वाटेतल्या गाईला घातल्या. महादेवाला त्या वर्षी गूळखोबरे मिळाले.

घरी आल्यावर ती म्हणाली, "लग्न होऊन आल्यापासून हा नैवेद्य कधी चुकला नव्हता. पुढच्या श्रावणात फावडं नि नैवेद्य एका छपराखाली असतील, तर मी चालत जाईन."

"वहिनी, चालत जायचं तर शिमग्यालाच निघायला हवं," भाऊ म्हणाला. ती हसली नाही, तेव्हा आम्ही दोघे कामाला लागलो.

सारे साहित्य गाडीच्या बाहेर बसवायचे, असे ठरले. त्यासाठी लोखंडी ब्रॅकेट हवे होते. भाऊ अंगणातून घरात आला आणि माझ्या ग्रंथांच्या रॅककडे पाहत उभा राहिला. तो रॅक भोके पाडलेल्या लोखंडी अँगलचा होता.

"अण्णा, याला भोकं तयारच आहेत. ड्रिलसुद्धा लागणार नाही."

"त्याच्यावर भाष्यं आहेत."

"भाष्यं कुठं पळून जातात? फावडं पळतं."

मी भाष्ये उतरवू लागलो. ग्रंथ जमिनीवर ठेवता येत नाहीत, म्हणून घरातले सगळे पाट मांडून त्यांवर ते रचले. काही दिवस आम्ही जेवायला चटईवर बसलो. भावाने अँगल करवतीने कापले, दोन-दोन तुकडे पाठीला पाठ लावून जोडले, आणि कमरीपेठेच्या बाजारातून आणलेल्या नटबोल्टांनी ते जीपला आवळले. खडखड होऊ नये म्हणून मी आतून सायकलच्या जुन्या ट्यूबचे अस्तर लावले. जॅक आणि फळ्या बाजूला बसल्या. फावडे जीपच्या मागच्या, खाली उघडणाऱ्या फळकुटावर आडवे बसले, त्याची टोके दोन्ही कडांच्या ब्रॅकेटांत. त्यामुळे फळकूट खाली पडेना. "दाराला आयता अडसर झाला," असे म्हणून आम्ही एकमेकांची पाठ थोपटली.

बांधायला भावाने चामड्याचे पट्टे आणले होते. नैवेद्याच्या गाडीला चामडे कसे चालेल? मी धुतलेली सुती दोरी सुचविली. पत्नीला ते फार पटले.

सोमवार उजाडला. पत्नी मागे बसली, फळकूट लागले, फावडे बसले, मी दोरीच्या गाठी मारल्या. अपेक्षेप्रमाणे त्याच ठिकाणी चाके रुतली. आम्ही दोघे उतरलो, दोरी सोडली, माती काढली, फळ्या घातल्या आणि गाडी निघाली. सारे पुन्हा जागच्या जागी बांधले. आत चिखलाचा थेंबही नव्हता. भाऊ शीळ घालीत देवळापर्यंत आला.

तेथे गाठी सुटेनात. ओली सुती दोरी आटून लाकडासारखी झाली होती. चाकू हत्यारांच्या पेटीत, आणि पेटी पत्नीच्या बाकाखाली. तेलकट पेटीला ती सोवळ्यात हात लावणार नव्हती. पुढून उतरावे तर पुढच्या बैठकी आमच्या चिखलाने भरलेल्या.

"वहिनी, गाठ अण्णांनी मारली आहे. कारखान्यात असती तर एव्हाना सुटली असती."

"तुमचं भांडण मागून करा," ती आतून म्हणाली. "दुपार होत आली. देव उपाशी आहे." मग तिने बाजूची ताडपत्री वर गुंडाळली. डबा क्षणभर छातीशी धरून ठेवला. "माझं राहू दे. नैवेद्य आधी जाऊ दे. तुम्ही विहिरीवर स्नान करून ओलेत्याने या."

मी तसाच ओलेत्याने आलो. तिने वाकून डबा माझ्या हातांत दिला आणि तो मी देवापुढे उघडला. पोळ्या जशा रचल्या होत्या तशाच, वर तुपाची तकाकी. मी नैवेद्य दाखविला, भावाने दारातून घंटा वाजविली. मागे वळून पाहिले तर जीपच्या बाजूने दोन जोडलेले हात बाहेर आले होते.

घंटा ऐकून शेजारच्या शेतातला माणूस कोयता घेऊन आला. त्याने एका घावात दोरी तोडली, फावडे काढून ठेवले आणि फळकूट पाडले. "अक्कारऽ, इळीरी," ताईंना उतरायला सांगत तो कानडीत म्हणाला. ती उतरली, दर्शन घेऊन आली आणि प्रसादाची पहिली पोळी त्याच्या हातावर ठेवली.

निघताना मात्र ती मागे बसेना. "येताना देवाला जेवू घालायचं होतं, म्हणून बसले," असे म्हणत पुढची बैठक पुसून ती तेथे बसली. मी निमूट मागे चढलो. भावाने फळकूट लावले, फावडे अडकविले आणि उरलेल्या दोरीचे टोक हातात घेऊन आत डोकावले.

"अण्णा, गाठ कोणती मारू? तुमची की माझी?"

पुढून तिचे हसू ऐकू आले. गेल्या श्रावणापासून राहिलेले.