कामिनीच्या हातमागाच्या सीटा

जरीपटका वस्तीत कामिनीचं सीट कव्हरचं दुकान. बाई टाक्याला पक्की, तोंडानं तिखट. नवऱ्याच्या नावाची पाटी उतरवून तिनं आपली लावली; कुणी हटकलं तर म्हणायची, "मशीन कोन चालवते?"

एका मोटार कंपनीनं आपलीच जुनी एसयूव्ही घेतली, नाकडोळे बदलले, संत्र्याचा रंग चढवला आणि 'विदर्भ स्पेशल' म्हणून प्रदर्शनात मांडली. लोकांना रुचली तर अशा गाड्या निघणार होत्या. सीटांचं काम कामिनीकडे आलं. तिनं हट्टानं उमरेडच्या शोभाताईंनी विणलेलं सुती कापड लावलं. कंपनीनं ते पक्कं केलं तर शोभाताईंचा बंद पडत चाललेला माग पुन्हा चालणार होता.

शिवून झाल्यावर मात्र तिनं खास आपल्याकडची रीत पाळली. नव्या गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक इथं फाटेपर्यंत कुणी काढत नाही. धुळीचा धाकच तसा! तिनंही मायेनं वरून जाड पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवलं.

प्रदर्शनाच्या मैदानात मे महिन्याचं ऊन. लोक यायचे, प्लास्टिकवर थापा मारायचे. "वा, पुसलं की साफ!"

कंपनीचा अनिश खूश झाला. "ताई, पब्लिकला प्लास्टिकच आवडतंय. मग खाली महागाचं कापड कशाला? साधं लावू."

शोभाताईंच्या कष्टावर झाकण घातलं कुणी? कामिनीनंच. तिनं पिशवीतून कात्री काढली आणि प्लास्टिक टराटरा फाडलं.

"अहो, काय करताय?"

"माही चूक निस्तरून राहिली."

कळमेश्वरचे चंपतराव बायकोला, गोपिकाबाईंना घेऊन गाडी बघायला आले होते. बसायला बिचकले. "मळंन वं पोरी."

"मळू द्या काकाजी. कापड हाये, धुता येते."

ते बसले, पाठ टेकली. अनिशला म्हणाले, "बरं वाटते गा. माह्या गाडीची प्लास्टिकवाली सीट तं चटके देते."

अनिश जरा नमला. "ठीक. पुढच्या दोन सीटा हातमागाच्या. मागे साधं."

"काहून? मांगं घरच्या बाया बसतेत. त्याहिले घाम येत नाही का? लावाल तं सगळ्या, नाही तं एकही नाही."

बोलून गेली खरी. पण हातचं काम गेलं तर शोभाताईंना तोंड काय दाखवायचं? तरी शब्द काही तिनं मागे घेतला नाही. मागचं दार उघडून म्हणाली, "या काकू."

गोपिकाबाई आत शिरल्या, चपला काढल्या, पाय वर घेऊन ऐसपैस मांडी घातली. अनिशनं साहेबाला फोन लावला.

"सर, मागच्याही हातमागाच्याच घ्याव्या लागतील," तो म्हणत होता. "काकू उतरायला तयार नाहीत."